वनजमिनीवरील खनिज पूर्वेक्षण आणि पर्यावरणीय मूल्यांकन : पार्श्वभूमी

खाण सुरू होण्यापूर्वी पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन व्हावे, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो त्याच्या आधीच्या टप्प्याचा. खनिज किती आहे आणि ते काढणे परवडेल का, हे ठरवण्यासाठी वनजमिनीवर जे खोदकाम व वेधन (यंत्राने जमिनीत खोल छिद्रे घेणे) केले जाते, म्हणजेच पूर्वेक्षण, त्याचे मूल्यांकन कोणी आणि केव्हा करायचे?

खाणी व खनिजांविषयीच्या 1957 च्या कायद्याने पूर्वेक्षणाला स्वतंत्र परवाना दिला. मात्र परवानाधारक जंगलात नेमके काय करतो, हा प्रश्न 1980 च्या वनसंवर्धन कायद्यामुळे खऱ्या अर्थाने पुढे आला. त्याखालील मार्गदर्शक सूचनांनी जमीन फोडावी लागणारे पूर्वेक्षण वनेतर काम, म्हणजे केंद्राची पूर्वपरवानगी लागणारे काम, मानले, पण झाडतोड न करता 100 चौरस किलोमीटरमागे जास्तीत जास्त 4 इंच व्यासाची 10 छिद्रे घेण्यास सूट ठेवली. पूर्वेक्षणाला परवानगी मिळाली म्हणजे पुढे खाणीसाठी जमीन मिळेलच असे नाही, हेही त्या सूचनांत स्पष्ट लिहिलेले होते.

पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनांचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे आणि तो बारकाईने पाहायला हवा. 1994 च्या अधिसूचनेने प्रमुख खनिजांसाठी 500 हेक्टरांहून अधिक क्षेत्रात होणारे पूर्वेक्षण, खाणी व बंदरे यांच्याबरोबर, जागेची योग्यता आधी तपासून घ्यावी लागणाऱ्या कामांत घातले होते. सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत क्षेत्राची ही अट राहिली नाही. तेथे एका टिपेत एवढेच म्हटले होते की, वेधनाचा समावेश नसलेल्या पूर्वेक्षणाला, प्रत्यक्ष पाहणीची मंजुरी आधी घेतलेली असल्यास, सूट राहील. याचा सरळ अर्थ असा की, छिद्रे घ्यायची असतील तर सूट नाही. डिसेंबर 2009 च्या दुरुस्तीने वेधनाचा उल्लेख आणि पाहणीची अट दोन्ही काढून टाकली आणि पूर्वेक्षणाला सूट आहे, एवढेच वाक्य ठेवले. एका टिपेतील काही शब्द वगळल्याने एक संपूर्ण टप्पा मूल्यांकनाबाहेर गेला, आणि या विषयातील सर्वांत दूरगामी निर्णय हाच होता असे म्हणावे लागते.

छिद्र चार इंचांचे असते हे खरे, परंतु नुकसान केवळ छिद्राने होत नाही. वेधनयंत्र डोंगरावर चढवायचे तर कच्चा रस्ता काढावा लागतो, यंत्र उभे करण्यापुरती जागा सपाट करावी लागते, पाण्यासाठी टँकर किंवा जवळच्या ओढ्यावर पंप लागतो, आणि वेधनातून येणारा गाळ साठवण्यासाठी शेजारी खड्डा घ्यावा लागतो. छिद्र सिमेंटने नीट बुजवले नाही, तर वेगवेगळ्या थरांतील भूजल एकमेकांत मिसळण्याचा धोका राहतो. रस्ता तर काम संपल्यावरही राहतो, आणि पावसाळ्यात त्यावरूनच माती ओढ्यात उतरते. पुढे खाणीसाठी मूल्यांकन होते तेव्हा जंगलाची मूळ स्थिती म्हणून हीच बदललेली स्थिती नोंदवली जाते.

अलीकडच्या बदलांची दिशाही सवलतीचीच आहे. जानेवारी 2020 मध्ये तेल व वायूच्या शोधकामाचा दर्जा बदलून ते सविस्तर अहवाल व जनसुनावणी न लागणाऱ्या वर्गात टाकण्यात आले. 2023 मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन महत्त्वाच्या व खोलवरच्या 29 खनिजांसाठी शोध परवाना सुरू झाला, आणि पूर्वी प्राथमिक पाहणीत सहसा वर्ज्य असलेले खड्डे, चर व वेधन त्या पाहणीतही करता येऊ लागले. त्याच वर्षी वनसंवर्धन कायद्यातही दुरुस्ती झाली आणि पूर्वेक्षणासारखी सर्वेक्षणे वनेतर काम नाहीत, असे आदेशाने ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.

याचा परिणाम गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात विशेष जाणवू शकतो, कारण तेथे लोहखनिजाचे डोंगर आणि ग्रामसभांना मिळालेले सामूहिक वनहक्क एकाच भूभागात आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगल व जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला, आणि 2009 च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वनेतर कामासाठी वळती करण्याच्या प्रस्तावाला तिची संमती आवश्यक केली. पूर्वेक्षण हे वनेतर कामच नाही असे ठरले, तर असा प्रस्तावच तयार होत नाही, आणि त्या परिपत्रकानुसार ग्रामसभेला विचारण्याची वेळही येत नाही.