ओ पेअर : यजमान कुटुंबातील पहिले दिवस

परदेशातील एखाद्या कुटुंबात राहून, मुलांचा सांभाळ व घरातील हलकी कामे करून त्या बदल्यात राहणे, जेवण आणि हातखर्चाची रक्कम मिळवणाऱ्या व सोबत तिथली भाषा शिकणाऱ्या तरुण व्यक्तीस ‘ओ पेअर’ म्हणतात. मुलगेही या कामासाठी जातात, पण संख्येने मुलीच अधिक असल्याने या नोंदीत स्त्रीलिंगी रूपे वापरली आहेत. घरात पाऊल टाकल्यापासूनचे साधारण दोन आठवडे हा नोंदीचा मुख्य विषय आहे.

शब्द व उगम : मूळ शब्दप्रयोग फ्रेंच. ‘पेअर’चा संबंध जोडीशी लावला जातो, तो बरोबर नाही, लॅटिन ‘पार’ (समान) यावरून आलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ येथे ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी देणे सारखेच, पगाराचा व्यवहार नाही. मराठीत ‘आया’ किंवा ‘दाई’ म्हटले की चाकरीचा अर्थ चिकटतो आणि ‘पाहुणी’ म्हटले की काम गळून पडते, त्यामुळे मूळ शब्दच ठेवणे योग्य.

प्रथेच्या उगमाबाबत एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. तेथील जर्मनभाषक भागातील मुली फ्रेंचभाषक भागातील कुटुंबांत वर्षभर राहून घरकाम व भाषा शिकत. या वर्षाला ‘वेल्शलांडयार’ असे नाव होते. दुसऱ्या मतानुसार पहिल्या महायुद्धानंतर युरोपीय मध्यमवर्गाला नोकर मिळेनासे झाले आणि ही व्यवस्था रुजली. तिसरे मत शब्दाच्या वापरावर आधारलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हा शब्द येतो तो घरकामासंबंधी नव्हे, तर शाळेसंबंधी : इंग्रज मुलीने फ्रान्स, जर्मनी वा स्वित्झर्लंडमधील शाळेत आपली भाषा शिकवायची आणि मोबदल्यात तेथील वर्गांना बसायचे. महायुद्धाने प्रथा वाढवली असेल, पण ती जन्माला घातली असे म्हणणे या उल्लेखामुळे अवघड जाते. विद्येची देवघेव आधी व मुलांचा सांभाळ नंतर, हा क्रम अधिक संभाव्य वाटतो.

कायदेशीर स्थान : युरोप परिषदेचा ओ पेअरविषयक करार २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे झाला व १९७१ मध्ये अंमलात आला. फ्रान्स, इटली, स्पेन, डेन्मार्क, नॉर्वे आदी मोजक्याच देशांनी त्याला मंजुरी दिली. जर्मनीने सही केली, मंजुरी दिली नाही. तरीही पुढील नियमांचा साचा या करारानेच घातला. वय सर्वसाधारणपणे १७ ते ३०, काम दिवसाला सहसा पाच तासांपर्यंत, आठवड्यातून एक पूर्ण सुटी, शक्य असल्यास स्वतंत्र खोली आणि लेखी करार, तोही शक्यतो मुलीने मायदेश सोडण्यापूर्वी. प्रस्तावनेतले एक विधान या सर्वांहून महत्त्वाचे आहे. ओ पेअर ही विद्यार्थीही नाही व कामगारही नाही, दोहोंची लक्षणे असलेला तो वेगळाच वर्ग आहे, असे तेथे मानले आहे. पहिल्या दिवसांतील बहुतेक अवघडलेपण या एका वाक्यात साठलेले आहे.

आज जर्मनीत महिना २८० युरो हातखर्च व आठवड्याला कमाल ३० तास, तर फ्रान्समध्ये किमान ३२० युरो व २५ तास असे प्रमाण आहे. अमेरिकेत ही योजना १९८६ मध्ये सुरू झाली. तेथे वय १८ ते २६ आणि काम आठवड्याला ४५ तासांपर्यंत असते. तेथील १९५.७५ डॉलर या साप्ताहिक किमान रकमेची फोड बोलकी आहे : ७.२५ डॉलर या संघीय किमान वेतनाने ४५ तासांचे ३२६.२५ डॉलर होतात आणि त्यातून राहण्याजेवण्यापोटी ४० टक्के वजा केले जातात. ‘बरोबरीचे नाते’ इथे चक्क वेतनाच्या हिशेबाने मोजले जाते. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील एका संघीय अपील न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स राज्याचा किमान वेतन कायदा ओ पेअरना लागू असल्याचे ठरवले. ‘घरचीच’ या शब्दाआड कामाचे तास झाकले जाऊ नयेत, या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्ह म्हणावा लागेल.

पहिले तीन दिवस : अमेरिकी नियमांनुसार ओ पेअर आल्यानंतर पहिले तीन दिवस आई, वडील किंवा अन्य जबाबदार प्रौढ व्यक्तीने घरी थांबणे बंधनकारक आहे. ओ पेअर व कुटुंब यांची गाठ घालून देणाऱ्या संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीने ४८ तासांच्या आत तिच्याशी संपर्क साधायचा आणि दोन आठवड्यांच्या आत तिला व कुटुंबाला प्रत्यक्ष भेटायचे असते. मुलांना पाळणाघरात रुळवण्याच्या जर्मनीतील ‘बर्लिन पद्धती’तही पहिल्या तीन दिवसांत पालक मुलापासून दूर जात नाही, विलगतेचा पहिला छोटा प्रयत्न चौथ्या दिवशी होतो. एक सरकारी नियम व दुसरी बालसंगोपनातील रीत, पण मुदत तीच. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास मूल परक्या चेहऱ्याला बुजू लागते, हे लक्षात घेता ही मुदत चैन नव्हे, निकड आहे.

दीड वर्षाचे मूल आईच्या पायांना मिठी मारून एका डोळ्याने नव्या ताईकडे पाहते. तिने हात पुढे केले की तोंड फिरवते; ती जमिनीवर बसून स्वतःशीच ठोकळे रचू लागली की दहा मिनिटांनी एक ठोकळा आणून तिच्या मांडीवर ठेवते. लळा लागतो तो असा, मुलाच्या चालीने. आल्याच दिवशी मूल हातात देऊन कामावर निघून जाणारे पालक मुलावर आणि ओ पेअरवर सारखाच अन्याय करतात.

दूरच्या देशातून आलेल्या मुलीची झोपही याच काळात विस्कटलेली असते. शरीराचे घड्याळ दिवसाला सुमारे एक तास या गतीने सरकते, म्हणून सहा तासांचा फरक भरून निघायला जवळपास आठवडा जातो.

रुळण्याविषयीची मते : नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर लिसगार यांनी अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांच्या अभ्यासावरून १९५५ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की सुरुवातीला उत्साह, मग उतार, मग पुन्हा चढ असा रुळण्याचा आलेख असतो. मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी १९६० मध्ये वर्णिलेल्या ‘सांस्कृतिक धक्क्या’च्या (परक्या संस्कृतीत गेल्यावर उडणाऱ्या गोंधळाच्या) टप्प्यांतही आरंभ मोहाचाच आहे. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड व सहकाऱ्यांनी मात्र १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांच्या पाहणीतून दाखवले, की मनावरचा ताण सर्वाधिक असतो तो पोहोचल्या पोहोचल्याच. विद्यार्थ्याला निदान परतायला स्वतःची खोली असते. ओ पेअरचे कामाचे ठिकाण व घर एकच. तिच्याबाबत वॉर्ड यांचे म्हणणे अधिक लागू पडते.

मानवशास्त्रज्ञ झुझाना बुरिकोव्हा यांनी लंडनमधील स्लोव्हाक ओ पेअर व त्यांच्या खोल्या यांचा अभ्यास केला आहे. त्यात पुढे येतो तो सहवासाचा संकोच : मुलगी आणि यजमान दोघेही एकमेकांच्या वावराने अवघडतात. काम संपल्यावर दिवाणखान्यात बसावे की खोलीत जावे, हा प्रश्न तासांच्या नियमांनी सुटत नाही. रात्री भूक लागते, फ्रिजच्या दांड्यावर हात जातो आणि तिथेच थांबतो. ‘हवं ते घे’ हे यजमानांचे वाक्य खरे असले तरी पुरेसे नसते. कुठल्या कप्प्यातले मुलांच्या डब्यासाठी राखलेले आणि कुठले कुणाचेही, एवढे दाखवले की हात मोकळा होतो. घराची किल्ली पहिल्याच संध्याकाळी हातात देणे, वॉशिंग मशीन सोबत उभे राहून चालवून दाखवणे, मुलांची ॲलर्जी आणि तातडीचा क्रमांक (युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११) कागदावर लिहून ठेवणे यांचे मोल स्वागताच्या फुलांहून जास्त आहे.

न जुळल्यास : १९६९च्या करारानुसार मुदत ठरलेली नसल्यास कोणत्याही बाजूस दोन आठवड्यांची सूचना देऊन बाहेर पडता येते, गंभीर गैरवर्तन घडल्यास तत्काळ. अमेरिकेत संस्थेमार्फत दुसरे कुटुंब शोधले जाते, त्यास ‘रीमॅच’ म्हणतात.