मोठ्या कुत्र्याची भीती : पिसाळण्यापासून पिटबुलपर्यंत

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय खात्यानं सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो, तोसा, अकिता, बोअरबोल, कांगल अशा तेवीस जातींच्या आणि त्यांच्या संकरातल्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, त्यांना नवे परवाने देऊ नका आणि लोकांकडे आधीपासून असलेल्या अशा कुत्र्यांची नसबंदी करा, असा त्याचा आशय होता. कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनीतल्या बंगल्यांमध्ये आणि शहराबाहेरच्या फार्म हाऊसवर या यादीतली कुत्री आहेत. मात्र पत्र आलं तेव्हा शहरात वेगळ्याच कुत्र्याची धास्ती होती. त्याच्या थोडंच आधी रस्त्यावरचं पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या एका तरुणीचा, लस घेऊनही, मृत्यू झाला होता. ते कुत्रं तेवीसांतल्या कुठल्याच जातीचं नव्हतं.

कुत्र्यांबद्दल बोलताना आपल्याकडे दोन भीती एकत्र कालवल्या जातात. एक रोगाची आणि दुसरी जबड्याची. दोन्ही खऱ्या आहेत, दोन्हींनी माणसं मेली आहेत, पण त्यांचा इतिहास वेगळा आहे आणि उपायही वेगळे आहेत. गेल्या काही वर्षांतल्या वादांचा बराचसा गोंधळ या सरमिसळीतून झाला आहे.

आधी रोगाची, म्हणजे रेबीजची भीती, कारण ती जुनी आहे. पाणी दिसलं की माणूस घशाला पीळ पडून तडफडतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही, हे प्रत्येक गावानं कधी ना कधी पाहिलं होतं. लुई पाश्चरनं ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये एका लहान मुलाला पहिली लस टोचली. हिंदुस्थानात १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था उभ्या राहिल्या. त्या काळी कुत्रं चावलेल्या माणसाला उपचारासाठी एवढ्या लांबचा प्रवास करावा लागे. पुढे मेंढीच्या मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली लस जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू लागली आणि ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे शब्द घराघरात पोचले. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कोल्हापूरकराला लहानपणी कुत्र्यापासून लांब ठेवण्यासाठी एवढे तीन शब्द पुरायचे. ही लस देशात २००४ च्या अखेरपर्यंत वापरात होती. आता सीपीआर या सरकारी रुग्णालयात दंडावर चार-पाच सुया घेऊन माणूस कामाला जातो, तरीही पोटातल्या सुयांची भीती आजीकडून नातवाकडे पोचलीच.

या भीतीपोटी सरकारनं कुत्री मारली, तेव्हा लोक गप्प बसले नाहीत. मुंबईत जून १८३२ मध्ये कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारायला माणसं लावली आणि बक्षिसाच्या लोभानं ती पाळीव कुत्र्यांनाही मारू लागली. पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडला, लष्कर बोलवावं लागलं. कुत्र्यांवरून मुंबईत झालेली ती मोठी दंगल होती. त्यानंतरही नगरपालिकांची कुत्री मारण्याची पद्धत दीडशेहून जास्त वर्षं चालूच राहिली. कुत्र्यांची संख्या काही कमी झाली नाही. केंद्राच्या २००१ च्या नियमांनी मारणं थांबवून नसबंदी, लसीकरण आणि त्याच भागात परत सोडणं हा मार्ग ठरवला. त्या नियमांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली.

आता जबड्याची भीती. इथे कोल्हापूरचा स्वतःचा अनुभव इतका मोठा आहे की तो या वादात कुणी मांडत नाही याचं नवल वाटतं.

हा मुलूख धिप्पाड कुत्र्यांना कधी बिचकला नाही. धनगरांची मेंढरं पावसाळा सरला की रानोमाळ हिंडतात आणि कळपासोबत कुत्री असतात. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायची रीत होती. रात्री मेंढरांच्या वाड्याजवळ अनोळखी माणूस गेला तर कुत्रं अंगावर येणार, हे सगळ्यांना ठाऊक असे. म्हणून लोक लांबूनच हाक देत. हातकणंगल्याकडच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळणाऱ्या समाजाच्या जगण्यात कुत्रं हा राखणीचा गडी होता. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला ज्या दत्ताच्या पादुका पुजतात, त्याच्या चित्रांत पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेदांची रूपं मानतात. खंडोबाच्या सोबतही कुत्रं आहेच.

मुधोळचा कुत्रा तर शेजारचाच. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात मोडतं, पण १९३३ नंतर ते आणि कोल्हापूर एकाच डेक्कन स्टेट्स एजन्सीखाली होते. राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर समाजाच्या शिकारी कुत्र्यांवरून ही जात जोपासली आणि एक जोडी बादशहा पाचव्या जॉर्जला भेट दिली. लांब पाय, आत गेलेलं पोट, खांद्याशी सत्तर सेंटीमीटरच्या आसपास उंची. सशाचा पाठलाग करताना हा कुत्रा पाहिला की मोठा कुत्रा म्हणजे काय ते कळतं. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं, पुढे सैन्यानंही त्याला घेतलं. सांगली-कोल्हापूरच्या मळ्यांवर आजही कारवान, मुधोळ ही नावं रोजच्या बोलण्यात आहेत.

आणि संस्थानी कोल्हापुरात तर चित्ते होते. काळविटांच्या शिकारीसाठी शिकवलेले, शहरातच पाळलेले, चित्तेवानांच्या हाताखाली वाढलेले. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. चित्त्यापुढे पिटबुल ते काय! तरी शहर त्यांच्यासोबत राहिलं, कारण जनावर कुणाच्या हातात आहे, त्याचं पोट कोण भरतो आणि ते सुटलं तर जाब कुणाला विचारायचा, हे माहीत होतं. मी संस्थानी शिकारीचं गुणगान करत नाही. पण भीतीचा उगम आकारात शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. वस्तीवरच्या, मळ्यावरच्या, वाड्यावरच्या कुत्र्याला काम होतं, हद्द होती आणि धनी होता.

शहरात चित्र बदललं ते बंगल्यांबरोबर. पोलिसांच्या श्वानपथकांमुळे आधी अल्सेशियन आणि मग डॉबरमन मध्यमवर्गाच्या नजरेत भरले. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी आली. मग पॉमेरियनचा जमाना, मग लॅब्राडोर, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत रॉटवायलर, पिटबुल, अमेरिकन बुली. या शेवटच्या तिघांचा प्रसार झाला तो मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे. पिल्लू विकणारा कागद देत नाही, घेणारा मागत नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. हा नियम किती जणांनी वाचलाय? तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, दिवसभर साखळीला, कधीतरी काठीनं डिवचून ‘तयार’ केलेलं कुत्रं हे त्या बेपर्वा खरेदीचं फळ आहे.

जगातही भीती जातीजातींतून फिरत आली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ब्लडहाऊंडचं नाव काढलं की लोक दचकत, कारण पळालेल्या गुलामांच्या मागे ते सोडले जात. पहिल्या महायुद्धानंतर पाळी आली जर्मन शेफर्डची. ब्रिटननं जर्मन हा शब्द नको म्हणून त्याचं नावच अल्सेशियन केलं. ऑस्ट्रेलियानं १९२९ साली त्याची आयात बंद केली. तो डिंगो या रानकुत्र्याशी संकर करून मेंढ्यांचा फडशा पाडणारी नवी अवलाद जन्माला घालेल, ही तिथल्या मेंढपाळांची धास्ती. ती बंदी १९७० च्या दशकापर्यंत राहिली. तोच कुत्रा दरम्यान जगभर आंधळ्यांना रस्ता दाखवत होता. पुढे डॉबरमन, रॉटवायलर, आणि १९८० च्या दशकात पिटबुल.

पिटबुलच्या मागे खरंच रक्ताचा इतिहास आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ होता. १८३५ च्या कायद्यानं तो बंद झाला, तेव्हा शौकिनांनी बुलडॉग आणि टेरियरच्या संकरातून कुत्र्यांच्या झुंजी चोरून चालू ठेवल्या. अमेरिकेत १८९८ साली स्थापन झालेल्या युनायटेड केनेल क्लबनं याच वंशाला अमेरिकन पिटबुल टेरियर म्हणून नोंदवलं, तर दुसऱ्या मोठ्या क्लबनं १९३६ साली त्याच धाटणीचे कुत्रे स्टॅफर्डशर टेरियर या नावानं घेतले. पकड न सोडण्याचा गुण निवडून जोपासला गेला, हे खरं. म्हणूनच अशा कुत्र्यानं चावा घेतला तर जखम मोठी होते. पण तो चावेल की नाही हे जातीवरून सांगता येतं का? २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १८,३८५ कुत्र्यांची माहिती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीनं उलगडत होता.

१९९१ मध्ये ब्रॅडफर्डला एका लहान मुलीवर हल्ला झाल्यावर ब्रिटननं काही आठवड्यांत धोकादायक कुत्र्यांचा कायदा आणला आणि चार जातींवर बंदी घातली. घाईत केलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून तो तिथे आजही सांगितला जातो. बंदीनंतर बाजार एक्सएल बुली या धिप्पाड कुत्र्याकडे वळला. माणसं मेली, आणि ३१ डिसेंबर २०२३ पासून त्याच्याही विक्री-पैदाशीवर बंदी आली. नेदरलँड्सनं १९९३ मध्ये घातलेली पिटबुलबंदी, चावे कमी झाले नाहीत म्हणून २००८ मध्ये उठवली. इटलीनं २००९ मध्ये जातींची यादी रद्द करून मालकावर जबाबदारी टाकली.

भारतात हा वाद पेटला जुलै २०२२ मध्ये. लखनौत ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलनं जीव घेतला. त्या वर्षी गाझियाबादनं पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळायला मनाई केली. मग प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून मार्च २०२४ चं ते पत्र निघालं. यादी वाचली की घाई दिसते. तोसा दोनदा आलाय, ‘टेरियर्स’ आणि ‘मॅस्टिफ्स’ असे अख्खे गट एका शब्दात घातलेत. टेरियरमध्ये मांडीवर बसणारा यॉर्कशायरही येतो! कर्नाटक उच्च न्यायालयानं १० एप्रिल २०२४ रोजी, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलेलं म्हणून, ते पत्र रद्द केलं. त्याच महिन्यात दिल्लीतही ते रद्द झालं आणि केंद्राला लोकांकडून हरकती मागवाव्या लागल्या.

या सगळ्या काळात आपल्याकडे खरा बळी जात होता तो रोगानं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश होतात, त्यातले तीन-चतुर्थांश कुत्र्यांचे, आणि रेबीजचे मृत्यू अंदाजे ५,७२६. पाळीव पिटबुलनं मेलेल्यांची संख्या या आकड्याच्या जवळपासही फिरकत नाही. चावल्यावर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, तिच्यावर हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, आणि रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, टोचून घ्यायचं. एवढी माहिती पन्हाळा-शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांपर्यंत गेली तर तेवीस जातींच्या बंदीपेक्षा जास्त जीव वाचतील, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून पिटबुलला घाबरणाऱ्या शेजाऱ्याला वेड्यात काढायचं, असं मुळीच नाही. लिफ्टमध्ये पन्नास किलोचं कुत्रं मुसक्याशिवाय उभं असेल आणि साखळी दहा वर्षांच्या पोराच्या हातात असेल, तर शेजारणीची भीती रास्त आहे. ‘आमचा काही करत नाही हो’ हे तिच्या भीतीचं उत्तर होत नाही. पेठांमध्ये अशी भांडणं पुष्कळदा गल्लीतली चार माणसं बसून मिटवतात. त्यामुळे चावा झाला तरी कागदावर काही राहत नाही आणि पुढच्या वेळी तेच कुत्रं, तोच मालक.

कायदा मात्र मालकाला धरतो, आणि तेही पूर्वीपासून. जुन्या दंडसंहितेच्या कलम २८९ खाली जनावराबाबत हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होत असे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये कैद तेवढीच, दंड पाच हजारांपर्यंत. या कलमात जातीचा उल्लेख नाही. मुधोळ असो, गावठी असो की रॉटवायलर, जो पाळतो त्यानं पुरेशी काळजी घेतली का, एवढंच ते विचारतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतून मोकाट कुत्री हलवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश दिला. तो रस्त्यावरच्या कुत्र्यांपुरता आहे. बंगल्यातल्या आणि फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी आज हाताशी आहे ते कलम २९१, महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड. परवाना देताना कुत्र्याची जात लिहून घेण्यापेक्षा त्याची नसबंदी झाली का, ते आधी कुणाला चावलंय का आणि त्याला फिरवायला कोण नेतो, हे तीन प्रश्न विचारणं कोल्हापूर महापालिकेला उद्यापासूनही जमेल.