कधीमधीचे धूम्रपान सोडवणारी मोबाइल ॲप

रोज सिगारेट न ओढणाऱ्या, पण मित्रमंडळींत, दारूच्या बैठकीत किंवा ताणाच्या दिवशी एखाददुसरी पेटवणाऱ्यांना ती सवय सोडायला मदत करणारी स्मार्टफोनवरील साधने. धूम्रपान सोडवणारी ॲप भरपूर आहेत, मात्र त्यांतली बहुतेक रोज ओढणाऱ्याला समोर ठेवून बनलेली असतात.

कधीमधी ओढणारा स्वतःला सहसा ‘स्मोकर’ म्हणवून घेत नाही. ‘मला कुठे व्यसन आहे?’ हे त्याचे ठरलेले उत्तर, आणि निकोटिनपुरते पाहिले तर ते अनेकदा खरेही असते. चार दिवस सिगारेट मिळाली नाही तरी त्याचे हात थरथरत नाहीत की चिडचिड होत नाही. शरीराला मात्र ही सवलत नसते. २०१८ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, रोज २० सिगारेटी ओढल्याने हृदयविकाराचा जो जादा धोका संभवतो, त्याचा जवळपास निम्मा भाग रोज एकाच सिगारेटने पदरी पडतो. सिगारेटी कमी केल्या म्हणजे हृदयाचा धोका त्याच प्रमाणात उतरला, असा हिशेब इथे चालत नाही.

नेहमीची ॲप इथे कशी अडखळतात, ते वापरून पाहिल्यावरच कळते. पहिलाच प्रश्न येतो : ‘रोज किती ओढता?’ शनिवारी रात्री तीन आणि मग दहा दिवस एकही नाही, अशा माणसाने त्या चौकटीत काय भरावे? बरे, काहीतरी भरलेच, तर पाचव्या दिवशी पडद्यावर फटाके फुटतात : ‘अभिनंदन, पाच दिवस धूम्रपानमुक्त!’ वास्तविक तो त्याचा नेहमीचाच आठवडा असतो. वाचलेल्या पैशांचा आकडाही इतका किरकोळ दिसतो की त्याने हुरूप येण्याऐवजी हसू येते. तलफ आणि निकोटिन पॅच (त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी) यांवरच्या सूचनाही त्याच्या फारशा कामाच्या नसतात. त्याला तलफेपेक्षा प्रसंग ओढायला लावतो : कुणीतरी पुढे केलेले पाकीट, हातातला ग्लास, गच्चीवर जमलेला घोळका.

या गटासाठीच बनवलेल्या ॲपचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांचे ‘स्मायलिंग इन्स्टेड ऑफ स्मोकिंग’. त्याचा पाया सकारात्मक मानसशास्त्राचा आहे. सोडण्याची तारीख ठरवणे आणि मोहाच्या प्रसंगांची तयारी करणे हे नेहमीचे भाग त्यात आहेतच, पण जोडीला दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी टिपण्यासारखे छोटे स्वाध्यायही आहेत. मन प्रसन्न असले की ठरवलेले पाळणे सोपे जाते, अशी त्यामागची धारणा. ऐकायला हे जरा भाबडे वाटते. तरी ज्याला व्यसनी म्हटलेले खपत नाही, त्याच्याशी आजाराच्या भाषेत न बोलण्याचा शहाणपणा त्यात आहे.

पुराव्यांची बाजू अजून लंगडीच आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, मोबाइलवरील लघुसंदेशांनी सोडण्याचे प्रमाण वाढते असे दिसले, ॲपबाबत मात्र ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. पुढे २०२० मध्ये ‘आयकॅनक्विट’ या ॲपच्या अमेरिकेत २,४१५ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर ते वापरणाऱ्यांपैकी २८ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या ‘क्विटगाइड’ या दुसऱ्या ॲपच्या गटातील २१ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. पण त्या चाचणीत प्रवेश रोज किमान पाच सिगारेटी ओढणाऱ्यांनाच होता. धूम्रपानावरच्या पुष्कळ चाचण्यांत अशी अट असते आणि कधीमधी ओढणारा दारातच गाळला जातो.

पाय घसरला तर ॲप काय करते, हाही कळीचा भाग. पुष्कळ ॲपमध्ये एक सिगारेट नोंदवली की दिवसांची मोजणी थेट शून्यावर येते. ज्याला मुळात आपल्याला ॲपची गरज आहे हेच पुरते पटलेले नसते, तो अशा वेळी शून्याकडे पाहतो आणि ॲप काढून टाकतो किंवा, त्याहून सोपे, ती सिगारेट नोंदवतच नाही. त्यापेक्षा मागचे दिवस तसेच ठेवून ‘कुठे होतात, सोबत कोण होते, पाकीट कुणी पुढे केले?’ एवढे विचारणारी रचना त्याच्या जास्त उपयोगाची, कारण पुढची बैठक बहुधा त्याच मंडळींची असते.