फॉरेन्सिक सायन्स : बारावीनंतर सलग एम.एस्सी.पर्यंत जायचे तर पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

‘पाच वर्षांत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही’ असे वाचले की वाटते, चला, वर्ष वाचले. पण तीन वर्षांची बी.एस्सी. आणि त्यावर दोन वर्षांची एम.एस्सी. यांची बेरीजही पाचच होते. इंटिग्रेटेड अभ्यासक्रमात वाचते ती मधली धावपळ. तिसऱ्या वर्षाचा निकाल लांबतो, तोवर दुसऱ्या विद्यापीठाच्या एम.एस्सी.ची मुदत उलटते आणि वर्ष हातचे जाते, ते इथे टळते. अर्ज भरायचा तो हे धरून.

अर्जाआधी एक खुलासा. पोस्टमॉर्टेमचा तज्ज्ञ डॉक्टर होतो तो एमबीबीएसनंतर न्यायवैद्यकशास्त्रात एमडी करून. राखून ठेवलेला व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने), रक्ताचे डाग, गोळीचे अवशेष प्रयोगशाळेत तपासणारा असतो न्यायसहायक विज्ञानाचा, म्हणजे फॉरेन्सिक सायन्सचा माणूस. कोर्टात ज्याला ‘सीए (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट’ म्हणतात तो हाच तयार करतो. इथे चर्चा आहे ती या दुसऱ्या मार्गाची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. माणसे लागणार हे उघड आहे.

इंटिग्रेटेड अभ्यासक्रम

यातले मोठे नाव राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ, म्हणजे एनएफएसयू. मूळचे गुजरातचे राज्य विद्यापीठ. संसदेच्या 2020 च्या कायद्याने राष्ट्रीय झाले. मुख्यालय गांधीनगरला, दिल्लीचे संकुल रोहिणीत आणि एक गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला. पाच वर्षांच्या बी.एस्सी.-एम.एस्सी. फॉरेन्सिक सायन्ससाठी बारावी विज्ञान शाखेतून लागते. कोणता अभ्यासक्रम कोणत्या संकुलात आहे, किती जागा आहेत आणि गुणांची किमान अट काय, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा. भावाच्या मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेले चालत नाही.

प्रवेश परीक्षेचे नाव एनएफएटी. अर्ज विद्यापीठाच्या प्रवेश पोर्टलवर, तोही बारावीचा निकाल लागण्याआधी भरायचा असतो. परीक्षेला बसलेले विद्यार्थी भरू शकतात. निकालाची वाट बघत बसलात तर खिडकी बंद झालेली असेल. पुढे परीक्षा, गुणवत्ता यादी, समुपदेशन आणि कागदपत्र पडताळणी. अशाच भारदस्त नावाच्या खासगी परीक्षाही निघाल्या आहेत, त्यांचा एनएफएसयूशी संबंध नाही. फी भरण्याआधी परीक्षा कोण घेते आणि तिचे गुण कोण मानते, एवढे दोन प्रश्न विचारावेत.

राज्यातला मार्ग : 3+2 की 4+1

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांनी, साधारण 120 क्रेडिटवर (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारी श्रेयांकाची एकके) पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून सुमारे 160 क्रेडिटची ऑनर्स पदवी घेता येते. यूजीसीच्या 2024 च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीवर एम.एस्सी. एका वर्षाची, तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांची. संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, म्हणून पहिल्या वर्षापासूनच गुणांवर लक्ष हवे. चौथे वर्ष तुमच्याच संस्थेत आहे का, आणि एका वर्षाची एम.एस्सी. कुठे सुरू आहे, हे चौथ्या वर्षाला नाव घालण्याआधी लेखी विचारून घ्या.

खरोखर वेळ वाचवणारी सोय यूजीसीने आणली आहे ती म्हणजे प्रवेगक पदवी. तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त एक सत्र आधी, चार वर्षांची दोन सत्रे आधी. क्रेडिट तेवढेच, फक्त दर सत्राला जास्त विषय. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी अर्ज करायचा, संस्थेची समिती निवड करते, आणि मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंतच ही मुभा देता येते. माझे मत विचाराल तर फॉरेन्सिकला ही घाई नको. प्रॅक्टिकल आणि प्रयोगवह्या दुप्पट वेगाने होत नाहीत, आणि उद्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वकील विचारणार तो हातून झालेल्या चाचण्यांबद्दल.

कागदपत्रे : अर्ज अडतो तो इथेच

दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, एबीसी आयडी (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चा क्रमांक). इथपर्यंत सगळ्यांकडे असते. आधी बघा ते नाव. दहावीला ‘वडिलांचे नाव मध्ये’, आधारवर ‘आडनाव आधी’, बारावीला एक अक्षर कमी, असे असेल तर दुरुस्ती आताच सुरू करा. पडताळणीच्या टेबलावर कोणी ऐकत नाही. राज्याबाहेरच्या संस्थेसाठी मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेले असल्यास गॅपचे प्रतिज्ञापत्र, आणि विद्यार्थी व पालक दोघांचे रॅगिंगविरोधी हमीपत्र लागते.

सर्वात जास्त घोळ प्रवर्गाच्या दाखल्यांचा. राज्याच्या नमुन्यातला जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर राज्यातल्या संस्थांना चालतो, सोबत जात वैधता प्रमाणपत्रही मागतात. केंद्रीय संस्थेला मात्र केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि ओबीसी असाल तर जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा प्रवर्ग महाराष्ट्र राज्याने ठरवलेला. केंद्राच्या आरक्षणात तो धरला जात नाही. अशा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मालमत्तेच्या अटी जुळत असतील, तर केंद्राच्या नमुन्यात ईडब्ल्यूएस दाखला काढता येतो का ते तहसील कार्यालयात विचारा. ईडब्ल्यूएस दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच, म्हणून एक एप्रिल उलटला की नवा अर्ज टाकलेला बरा. जूनमध्ये सेतूबाहेरची रांग तुम्हाला ठाऊकच आहे.

यादीत नाव लागलेच नाही तर साधी केमिस्ट्रीची बी.एस्सी. कमी लेखू नका. मुंबईत कलिन्याला असलेल्या राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळा संचालनालयाच्या अखत्यारीतल्या नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती अशा प्रयोगशाळांत विषशास्त्र आणि रासायनिक विश्लेषणाचे काम मोठे असते, आणि वैज्ञानिक सहायकासारख्या पदांच्या जाहिरातींत रसायनशास्त्राच्या पदवीलाही जागा असते. अशी एखादी जुनी जाहिरात काढून पात्रतेचा रकाना आधी वाचा, मग अभ्यासक्रम निवडा.