रेघ जुळली, पण कारण?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात, गियाँ-बारे सिंड्रोमचे (जीबीएसचे) रुग्ण एकापाठोपाठ सापडायला लागले. त्या दिवसांत मला रोज पाच-सहा फोन यायचे. इथल्या एका विद्यापीठात साथींच्या गणिती मॉडेलांवर काम करणारा छोटा गट मी चालवतो, हे ओळखीच्या पत्रकारांना माहीत आहे. प्रश्न ठरलेला असायचा: "सर, याचा आर किती?"

हा 'आर' आपल्याला कोविडने शिकवला. एक रुग्ण बरा होईपर्यंत सरासरी किती जणांना लागण देतो, तो आकडा. पण जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होतच नाही. बऱ्याचदा आधी जुलाबासारखा संसर्ग होऊन जातो आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पुण्यातल्या रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. इथे आर काढायला बसणं म्हणजे चुकीच्या घराची बेल वाजवत राहणं.

तरीही कोणी रुग्णांचे आकडे आठवड्यानुसार कागदावर मांडले असते, तर चढून उतरणारा डोंगरच दिसला असता. त्यावर 'एकाकडून दुसऱ्याला' वालं नेहमीचं मॉडेल बसवलं असतं तर तेही बरंच बसलं असतं. मला आज बोलायचं आहे ते यावर. आमच्या विषयातला सगळ्यात प्रसिद्ध आलेख हीच गोष्ट सांगतो, आणि तो आलेख मुंबईचा आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मुंबईतला प्लेग ओळखला. पुढची कित्येक वर्षं तो दरसाल येत राहिला. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्यातच गेल्या. महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'गाठीचा ताप' आणि 'उंदीर पडणं' हे शब्द आहेत ते या काळातले. घरात उंदीर पडायला लागले की लोक दाराला कुलूप लावायचे आणि माळावर झोपड्या घालून राहायचे. उंदीर आधी आणि माणूस नंतर हा क्रम गावाला अनुभवाने कळला होता.

या प्लेगचा तो आलेख काढला स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेतल्या दोन माणसांनी. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते आणि तरुणपणी रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर मलेरियाच्या कामासाठी सिएरा लिओनला गेले होते. दुसरे विल्यम कर्मॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. पुढचं सगळं गणित त्यांनी डोक्यात केलं. १९२७ साली या दोघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. साथींवरची आजची बहुतेक मॉडेलं त्याच्याच पोटातून निघालेली आहेत.

त्यांनी विचारलेला प्रश्न साधा वाटतो: साथ का थांबते? त्या काळी दोन उत्तरं चालायची. लागण होण्याजोगं कोणी उरलं नाही म्हणून, किंवा रोगाचा जोर मावळला म्हणून. दोघांनी दाखवलं की यातलं काहीही न होता साथ थांबू शकते. मला या विषयात ओढलं ते या एका गोष्टीने, म्हणून जरा सावकाश सांगतो.

हजार माणसांची एक चाळ धरा. रोग नवा आहे, कोणालाच प्रतिकारशक्ती नाही. आर २, म्हणजे सुरुवातीला एक रुग्ण दोघांना लागण देतो. एकाचे दोन, दोनाचे चार. पण जसजसे लोक आजारी पडून बरे होतात, तसतशा रुग्णाच्या भेटीगाठी वाया जायला लागतात. गॅलरीत चार जण भेटले, त्यातल्या दोघांना होऊन गेलेलं असतं. चाळीतले निम्मे लोक न लागलेले उरले की रुग्णाला दोनऐवजी एकच नवा सापडतो. हा उच्चांक. त्या क्षणी साधारण ५०० जण अजून कोरे, १५० जण आजारी आणि ३५० जण बरे झालेले असतात.

इथे साथ संपली असं पुष्कळांना वाटतं. पण १५० आजारी माणसं अजून चाळीत फिरत आहेत. त्यातला प्रत्येक जण आता एकाहून थोडी कमी लागण देतो, ते पुढचे आणखी थोडी कमी. लोकलला ब्रेक लागल्यावर गाडी जागच्या जागी उभी राहत नाही, फलाटभर पुढे जाते, तसंच हे. या उतरत्या बाजूला आणखी ३०० जण सापडतात. शेवटी हजारातले ८०० बाधित होतात आणि २०० सुटतात. सुटलेल्यांना कसलीही प्रतिकारशक्ती आलेली नसते. त्यांच्यापर्यंत पोचणारा रुग्णच उरलेला नसतो. साथ थांबते ती सावज संपल्यामुळे नाही, शिकारी संपल्यामुळे. 'निम्म्यांना होऊन गेलं की सुटलो' या समजातली चूकही इथेच आहे: उच्चांक आणि शेवट यांच्यामध्ये ती ३०० माणसं असतात.

आता मुंबईचा आलेख. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे प्लेगचे दर आठवड्याचे मृत्यू घेतले. प्लेगच्या नोंदलेल्या रुग्णांतले ८० ते ९० टक्के दगावत होते, त्यामुळे मृत्यू म्हणजेच जवळपास रुग्ण. मूळ समीकरण सरळ सुटत नव्हतं. त्यातलं एक अवघड (घातांकी) पद न संपणाऱ्या मालिकेत मांडून तिची पहिली तीनच पदं ठेवली की घंटेच्या आकाराचं एक सूत्र हाती येतं. त्यात आकडे फक्त तीन: ८९०, ०.२ आणि ३.४. पहिला म्हणजे उच्चांकाच्या आठवड्यातले मृत्यू. तिसऱ्याला दुसऱ्याने भागा, १७ येतात: उच्चांक सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यावर. पहिल्याची दुप्पट करून दुसऱ्याने भागा, ८,९०० येतात: त्या सूत्राप्रमाणे साथीतले एकूण मृत्यू. सात महिन्यांचं दुःख तीन आकड्यांत मावतं, आणि नोंदींचे ठिपके त्या रेघेला जवळजवळ चिकटून बसतात. एम.एस्सी.ला असताना मी तो आलेख पहिल्यांदा पाहिला आणि रात्रभर हाताने परत काढत बसलो. माझ्या दृष्टीने गोष्ट तिथे सिद्ध झाली होती.

ती झाली नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. खरं तर लेखकांनी ते स्वतःच लिहून ठेवलं आहे. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची सारखीच शक्यता आपण धरली आहे, आणि ही गृहीतकं काटेकोरपणे खरी नाहीत, असं त्यांनी सांगितलं होतं. आलेख पाठ्यपुस्तकांत गेला आणि ही वाक्यं मागे राहिली.

मुंबईत त्या साथीच्याच सुमाराला, म्हणजे १९०५ पासून, परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाचं काम चालू होतं. त्यांनी छोट्या खोल्या बांधून त्यांत गिनीपिग ठेवले. पिसवांची उडी पोचते तिथले पिंजरे आजारी पडले, उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेले वाचले. एकच खोली आणि एकच हवा असून फरक फक्त उंचीचा. रोग उंदराची पिसू आणते हे पक्कं झालं. क्रमही दिसला: आधी गटारातला तपकिरी उंदीर, मग घरातला काळा, मग माणूस. आणि पिसू उष्म्याला टिकत नाही. हवा तापली की ती लवकर मरते आणि तिच्या पोटातले प्लेगचे जिवाणूही लवकर नाहीसे होतात.

म्हणजे १९०६ चा एप्रिल-मे उतार दोन कारणांनी येऊ शकतो. लागण होण्याजोगे उंदीर कमी उरले म्हणून, किंवा उन्हाळा आला म्हणून. रेघ दोन्हींत तीच. मग कोणतं खरं ते ओळखायचं कसं?

एका साथीकडे पाहून ओळखता येत नाही. अनेक वर्षं शेजारी ठेवावी लागतात. उतार उंदरांच्या तुटवड्याने येत असेल, तर ज्या वर्षी साथ वेगाने पेटली त्या वर्षी ती लवकर वळायला हवी आणि मंद साथ पावसाळ्यापर्यंत रेंगाळायला हवी. उतार हवेमुळे येत असेल, तर साथ लहान असो वा मोठी, वळायची वेळ दरसाल साधारण तीच राहील. मुंबईत ती तीच राहिली: उन्हाळ्याच्या तोंडाशी शिखर, मग उतार, वर्षामागून वर्ष. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२ साली हा जुना आलेख पुन्हा उघडला, उंदीर, पिसवा आणि ऋतू असं तिघांना धरून मॉडेल मांडलं, आणि ऋतू वगळून दिलेलं स्पष्टीकरण टिकत नाही हे दाखवलं. उंदीर मरत होते हे खरंच आहे. पण त्या तीन आकड्यांच्या रेघेला उंदरांविषयी काहीच माहीत नव्हतं.

मॅकेंड्रिक यांच्याच १९२६ च्या एका कामात याच्या उलट बाजूचं फार सुंदर उदाहरण आहे. हिंदुस्थानातल्या एका खेड्यातली पटकीची साथ. २२३ घरं, त्यातल्या १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन, एका घरात चार. रुग्ण असलेल्या घरांवरून हिशेब केला तर निव्वळ नशिबाने सुटलेली घरं ३७ च्या आसपास यायला हवीत. १६८ आहेत. म्हणजे बाकीच्या घरांपर्यंत धोका पोचलाच नव्हता. अशा वेळी आधी विचारायचं ते कोणतं घर कोणत्या विहिरीचं पाणी पितं. सिंहगड रस्त्याच्या वेळी फोनवर मी हीच गोष्ट सांगायचो.

संशोधन गट चालवणं म्हणजे मोठे संगणक आणि रंगीत नकाशे असं बाहेरून वाटतं. माझा बराचसा वेळ एकच प्रश्न विचारण्यात जातो: 'हीच रेघ आणखी कशाने येईल?' काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी एका शहराचे डेंगूचे आकडे घेऊन आला. सप्टेंबरपासून चढ, नोव्हेंबरच्या सुरुवातीला झपकन उतार, आणि मॉडेल इतकं छान बसलेलं की त्याचा चेहरा फुलला होता. मी उताराच्या आठवड्यावर बोट ठेवलं आणि तारीख विचारली. दिवाळी. त्याने फोन केला, तर तिथली तपासणी प्रयोगशाळा पाच दिवस बंद होती. डास सुटीवर गेले नव्हते, नोंदवही गेली होती. त्याने ते आठवडे काढून पुन्हा हिशेब केला आणि आरचा आकडा बदलला.

कोविडमध्ये हीच चूक देशाच्या पातळीवर झाली आणि तिची किंमत माणसांनी मोजली. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की उच्चांक सप्टेंबरात होऊन गेला आहे आणि खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ अगदी क्षीण होईल. तोपर्यंतच्या आकड्यांवर रेघ जुळत होती. पण 'सगळ्यांना सारखीच शक्यता' हे गृहीतक किती कच्चं आहे ते मुंबईने जुलैतच दाखवलं होतं. तीन वॉर्डांतल्या रक्ततपासणीत वस्त्यांतल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, इमारतींतल्या फक्त १६ टक्क्यांत. एकाच वॉर्डात जणू दोन गावं. त्यातच विषाणू बदलला. फेब्रुवारीत अमरावतीत आकडे चढायला लागले आणि मे महिन्यात देशात दिवसाला चार लाखांच्या वर रुग्ण नोंदले गेले. ज्यांनी ते मॉडेल केलं ते अभ्यासू लोक होते. माझा राग आहे तो एका रेघेला 'आता संपलं' म्हणून लोकांपुढे ठेवण्यावर.

असं लिहिलं की काही जण म्हणतात, मग तुमच्यात आणि ज्योतिषात फरक काय? हा प्रश्न मला मनापासून टोचतो, म्हणून उत्तर देतो. २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणानंतर कोरोना नाहीसा होईल असे संदेश आपल्या सगळ्यांच्या फोनवर आले होते. ग्रहण झालं, विषाणू राहिला, आणि ते संदेश लिहिणाऱ्यांपैकी कोणी आपलं कोणतं गृहीतक चुकलं ते सांगायला आलं नाही, कारण गृहीतक नव्हतंच. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांची चूक ८५ वर्षांनी दाखवता आली, कारण काय धरून चाललो आहोत ते त्यांनी एकेक करून लिहिलं होतं.

आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं काम हेच असतं: १९०६ ची रेघ किमान तीन वेगवेगळ्या कारणांनी काढून दाखवायची. उंदीर आणि उन्हाळा हे दोन सगळ्यांना सुचतात. तिसऱ्याला वेळ लागतो. यंदाच्या एका विद्यार्थिनीने घरी फोन करून आजीला विचारलं. आजीने तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगितलं: उंदीर पडले की गाव माळावर जायचा. मुलीने मॉडेलमध्ये शहर सोडून जाणारी माणसं घातली. उंदीर भरपूर, हवा तीच, फक्त माणसं कमी. रेघ पुन्हा जुळली.

आता हे कारण बाकीच्या दोघांपासून वेगळं करायचं तर १९०६ च्या वसंतात मुंबईतून किती लोक बाहेर पडले ते कळायला हवं. पुढच्या आठवड्यात ती एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाणार आहे, त्या वर्षीच्या रेल्वे प्रवाशांच्या नोंदी मिळतात का ते पाहायला.