एका उपविधीवर उभी राहिलेली कारकीर्द

लू बार्लेटा हे नाव अमेरिकेच्या राजकारणात पोचलं ते पेनसिल्व्हेनियातल्या हेझलटनमधून. हे गाव दगडी कोळशाच्या खाणींवर वाढलं. पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेल्या मजुरांनी इथल्या खाणी खणल्या. १८९७ मध्ये जवळच्याच लॅटिमर इथे शेरीफच्या (काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या) माणसांनी संपकरी खाणकामगारांवर गोळीबार केला आणि १९ जण मेले. मेलेले बहुतेक सगळे बाहेरून आलेले होते. पुढचं वाचताना हे लक्षात असलेलं बरं, कारण बार्लेटाही इटालियन स्थलांतरितांच्याच वंशातले.

१९५६ चा जन्म. तरुणपणी व्यावसायिक बेसबॉलपटू व्हायचं स्वप्न होतं, ते जमलं नाही. मग रस्त्यांवर पांढरे-पिवळे पट्टे मारून देणारी कंपनी काढली आणि ती चांगली चालली. १९९८ मध्ये नगरसेवक झाले आणि २००० मध्ये मेयर. जेमतेम तेवीस हजार वस्तीचं गाव, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्षच.

खाणी केव्हाच बंद पडल्या होत्या. करसवलती देऊन उभारलेल्या औद्योगिक वसाहतींत गोदामं आणि मांसप्रक्रियेचे कारखाने आले, त्यांना हात हवे होते. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत घरभाडं परवडेना, तेव्हा डोमिनिकन कुटुंबं इकडे सरकली. २००१ नंतर हा ओघ वाढला. गाव भरलं, बंद दुकानं उघडली, आणि कुरबुरही सुरू झाली.

मे २००६ मध्ये गावात एकाचा गोळी घालून खून झाला. संशयित म्हणून बेकायदा राहणाऱ्या स्थलांतरितांना पकडलं. (तो खटला पुढे सरकारी वकिलांनीच मागे घेतला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.) जुलैत नगरपालिकेने ४ विरुद्ध १ मतांनी उपविधी, म्हणजे गावापुरता कायदा, मंजूर केला: कागदपत्रं नसलेल्याला घर भाड्याने दिलं तर मालकाला दंड, कामावर ठेवलं तर धंद्याचा परवाना निलंबित, आणि नगरपालिकेचा कारभार इंग्रजीतून. सोबतच्या दुसऱ्या उपविधीने प्रत्येक भाडेकरूला दहा डॉलर भरून राहण्याचा परवाना काढायला लावला. बार्लेटा त्या सभेला गोळीरोधक जाकीट घालून आले होते. छायाचित्रकारांना आणखी काय हवं होतं?

देशभरातल्या लहान गावांनी या उपविधीची नक्कल केली. खुद्द हेझलटनमध्ये मात्र हा उपविधी एक दिवसही लागू झाला नाही. २००७ मध्ये संघराज्य न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण स्थलांतर हा वॉशिंग्टनचा विषय. अपिलं २०१४ पर्यंत चालली आणि शहर हरलं. विरोधी वकिलांच्या फीचे सुमारे १४ लाख डॉलर त्याच्या डोक्यावर बसले.

न्यायालयात हरलेला हा माणूस मतपेटीत जिंकत होता. २००७ मध्ये मेयरपदाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, रिपब्लिकन उमेदवारी तर मिळालीच, पण डेमोक्रॅट मतदारांनीही मतपत्रिकेवर नाव हाताने लिहून त्यांनाच आपला उमेदवार केलं. प्रतिनिधीगृहासाठी मात्र पॉल कान्जोर्स्की या मुरलेल्या डेमोक्रॅटने त्यांना २००२ आणि २००८ मध्ये पाडलं. २०१० मध्ये टी पार्टी या कर आणि सरकारी खर्चाविरोधी उजव्या चळवळीच्या लाटेत तिसऱ्या प्रयत्नात ते निवडून आले. पुढच्या मतदारसंघ-फेररचनेने जागा आणखी भक्कम केली. चार मुदती मिळाल्या. तिथे आपत्ती व्यवस्थापन आणि सरकारी इमारतींची उपसमिती सांभाळली. काम नगराध्यक्षी वळणाचं, बातमीत न येणारं.

२०१६ मध्ये ट्रम्प यांना लवकर पाठिंबा देणाऱ्या मोजक्या खासदारांत ते होते. ट्रम्प यांच्याच आग्रहाने २०१८ मध्ये सिनेटला उभे राहिले आणि डेमोक्रॅट सिनेटर बॉब केसी यांच्याकडून १३ टक्क्यांच्या फरकाने हरले. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत उतरले. कट्टर उजवे रिपब्लिकन उमेदवार डग मास्ट्रियानो यांना रोखायला दोन प्रतिस्पर्ध्यांनी शेवटच्या आठवड्यात माघार घेऊन बार्लेटांना पाठिंबा दिला. मतदानाला तीन दिवस उरले असताना ट्रम्प यांनी आपला कौल मास्ट्रियानोंच्या पारड्यात टाकला. बार्लेटा सुमारे २० टक्के मतं घेऊन दुसरे आले.