गिरणीचे 48 तास आणि वॉर्डातली रात्र

सोलापुरात कामाचे तास भोंग्यावर मोजले गेले. 1870 च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली तेव्हा मोठ्या माणसाने दिवसाला किती राबायचे याला कायद्याची मर्यादा नव्हती. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी 12 तासांची रेघ ओढली. 1946 च्या दुरुस्तीने ती आठवड्याला 48 तासांवर आली आणि 1948 च्या कारखाने कायद्याने तीच कायम ठेवली. वैद्यकीय, दंत किंवा नर्सिंगचा विद्यार्थी मात्र अशा कायद्यांच्या लेखी कामगारच नाही. रात्रभर वॉर्डात उभा असला तरी तो 'शिकत' असतो.

त्यात या शहराच्या डोळ्यांपुढचा आदर्शही तसाच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म 1910 चा. 1938 साली ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनमध्ये गेले. तिथे एकदा त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. ती हकिकत इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, अतिश्रम आणि फेफऱ्याच्या झटक्यांनी ते गेले, हे वाक्य भाषणात सहसा घाईने उरकले जाते. कोटणीस युद्धात होते. आपल्या इंटर्नला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, नेहमीचीच सोमवारची ओपीडी असते.

'बर्नआउट', म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून विझणे, हा शब्द चर्चेत आणला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, 1974 मध्ये. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणारी माणसेच आधी विझतात, हे त्यांनी स्वतःसकट पाहिले होते. 1981 मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी त्याची मोजपट्टी केली: भावनिक थकवा, रुग्णाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रश्नावली यायला 2002 उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, पण नोकरी-कामापुरतीच. विद्यार्थी तिथेही उंबऱ्याबाहेर.

दुखण्याचा अभ्यास वेगळ्या वाटेने आला. 1987 ची 'नॉर्डिक प्रश्नावली' मुळात कामगारांसाठी. मान, खांदे, कंबर, गुडघे असे शरीराचे नऊ भाग घेऊन कुठे दुखते ते विचारणारी. तीच पुढे विद्यार्थ्यांच्या हाती गेली. दंत शाखेचा मुलगा तासन्‌तास मान एका बाजूला वाकवून तोंडात बघतो, नर्सिंगची मुलगी रुग्णाला कुशीवर वळवते, शस्त्रक्रियेत विद्यार्थी रिट्रॅक्टर, म्हणजे चिरेच्या कडा बाजूला ओढून ठेवणारे अवजार, धरून उभा राहतो. मान धरणे, कंबर भरून येणे याला बिडी वळणाऱ्या घरात कोणी नवल म्हणत नाही. डॉक्टर होणाऱ्या पोराने तक्रार केली की मात्र 'आत्ताच?' असे विचारतात. दुखण्याने झोप मोडते, झोप मोडली की दुखणे जास्त बोचते आणि मन विटते. मनाचे अभ्यासक आणि पाठीचे अभ्यासक मात्र बराच काळ वेगवेगळ्या खोल्यांत बसले.

निवासी डॉक्टरांसाठी, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी, केंद्र सरकारने 1992 मध्येच आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तासांपर्यंतच काम, असे म्हटले होते. 2024 मध्ये वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त नको, अशी शिफारस केली. म्हणजे 32 वर्षांनी आकडा वाढला. दंत आणि नर्सिंगची मुले तर या आयोगाच्या कक्षेतच येत नाहीत.